एका हाताला दोन सरते

मित्रांनो, लोणखेड्याला हेमराजच्या शेडात ठिबकच्या नळ्यांची वेटोळी पडलेली असतात. त्यांच्या वर, खिळ्याला एक काळपट बांबू टांगलेला दिसेल. त्याला काठी समजून उचलू नका. तो मी आहे, एक जुना सरता.

तुमच्यापैकी पुष्कळांनी माझं नावही ऐकलं नसेल. बैल तिफण ओढायचे, तिफणीतून ज्वारी पडायची, आणि तिच्यामागे दोरीला बांधलेला मी चालायचो. माझ्या डोक्यावर लाकडी वाटी, खाली नळीचं टोक मातीत. बाई मला डाव्या हातानं उभा धरायची आणि कमरेच्या ओटीतून उजव्या हातानं दाणे माझ्या वाटीत सोडायची. मुख्य पीक तिफणीचं, मागचं आंतरपीक माझं.

मला घडवलं सातपुड्यातल्या गोवाल नावाच्या कारागिरानं. चैत्रात तो बांबूचा भारा घेऊन खाली उतरायचा. त्यानं बाभळीची वाटी कोरली, मग लोखंडी सळई लाल होईतो तापवली आणि माझ्या पोटातून आरपार घातली. बांबूला आतून गाठी असतात, त्या त्यानं एकेक करून जाळल्या. मी कळवळलो. तो धुरातून हसत म्हणाला, "पोटात गाठ राहिली, तर दाणा अडेल रे बाबा."

त्या वेळी मला त्याचा राग आला होता.

हेमराजचे वडील हिंमतराव तिफण धरायचे. माझ्यामागे चालायची त्यांची थोरली सून, मीनाबाई. नवी नवरी होती, पण मूठ अशी सारखी, की तिची तूर उगवली म्हणजे कुणी दोरी धरून लावल्यासारखी दिसायची. पेरताना ती गायची:

एक मूठ, एक पाऊल, दाणा पडे ओयीमा,
धरतीमाय, झेली ले वं, तुन्ही भरल्या झोयीमा.

ओयीमा म्हणजे ओळीत, झोयीमा म्हणजे झोळीत. गाण्याला लय होती, लयीला मूठ, आणि मुठीला मी. गावातल्या बाया म्हणायच्या, "मीनानी मूठ नि घड्यायना काटा सारखाच!" त्या कौतुकानं मी पावलोपावली फुगत होतो.

फुगण्याची शिक्षा मात्र लवकरच मिळाली. एका वर्षी तुरीबरोबर मूगही पेरायचा होता. दुसरा सरता धरणारी जाऊ तापानं पडली. हिंमतराव म्हणाले, "मूग उद्या पेरू." बांधावर चार बाया उभ्या होत्या. त्यांच्या देखत मीनाबाई बोलून गेली, "उद्या कसाले? मी दोन्ही धरस!"

आम्हा दोन्ही सरत्यांना आडवी काठी बांधली. डाव्या हातात आम्ही दोघे, कमरेला दोन ओट्या, आणि पेरायला उजवा हात एकच. पाऊल एक आणि मुठी दोन! दहा पावलांत गाणं तुटलं. पुढे पुढे मूग माझ्या वाटीत आणि तूर माझ्या जोडीदाराच्या. कुठे दाण्यांचा ढीग, कुठे सहा-सहा पावलं काहीच नाही. तिचा हात थकला होता, ते मला कळत होतं. पण ती एक शब्द बोलली नाही. हिंमतरावांची पाठ पुढेच, बैल चालतेच.

पेरणीतली चूक झाकता येत नाही, मित्रांनो. ती उगवते. ते शेत रस्त्याकडेचं. चार महिने येणारे-जाणारे बघत होते आणि हसत होते.

पुढे ट्रॅक्टर आला. पेरणी यंत्रानं होऊ लागली. माझा जोडीदार एका थंडीत शेकोटीत गेला. मी खिळ्यावर चढलो, आणि माझ्या नळीत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं. कुणी वर पाहीना. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

पण माझ्या खाली खाट टाकून हेमराजची लेक रूपाली अभ्यासाला बसू लागली आणि मला सोबत झाली. ही पोर लहानपणापासून मीनाबाईच्या मागे. पेरणीआधी मीनाबाई शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायची आणि चौथ्या दिवशी कोंब मोजायची. रूपाली विचारायची, "हे सात का नही उगनात?" आणि लगेच, "दरवर्षी सातच का?" पहिल्या प्रश्नातून तिला वनस्पतिशास्त्राची गोडी लागली, दुसऱ्यातून संख्याशास्त्राची. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला दोन्हींत ती पहिली आली.

यंदा कॉलेजनं सांगितलं, हवं तर दोन्ही विषय मुख्य म्हणून घ्या, डबल मेजर. रूपालीनं भर वर्गात हात वर केला. हेमराजनं डेअरीवर, सलूनमध्ये, बँकेच्या रांगेत, सगळीकडे सांगितलं, "मन्ही आंडेर दोन-दोन मेजर करी ऱ्हायनी!" आंडेर म्हणजे लेक.

तीन आठवडे मी वरून बघत होतो. पहाटे संख्याशास्त्राचा जादा तास, संध्याकाळी प्रात्यक्षिक. पोर उभ्या उभ्या जेवायची, तोंडातल्या तोंडात गुणगुणायची सवय होती, तीही गेली. हौसेनं आणलेली पानं वहीत दाबून वाळवायला वेळ मिळेना, त्यांना बुरशी चढली. पक्का अर्ज शनिवारी भरायचा होता. एकदा भरला की पदवीपर्यंत तोच.

गुरुवारी दुपारी ती खाटेवर बसली होती. मांडीवर वही, वहीवर पान, आणि पानावर टपटप पाणी. तेवढ्यात मीनाबाई विळा शोधत आत आली.

"काय वं रूपा, सुकेल पानले पाणी कसाले पाजी ऱ्हायनी?"

रूपाली हसायला गेली आणि रडली. "मोठी माय, माले नही जमी ऱ्हायनं. पण आप्पानी बठ्ठा गावले सांगी टाकं. आते नही कशी म्हनू?"

मीनाबाईनं विळा शोधायचा सोडला. वर पाहिलं. कितीतरी वर्षांनी तिची नजर माझ्यावर पडली. तिनं मला खाली उतरवलं आणि त्या वर्षाची सगळी गोष्ट सांगितली. काठी, दोन ओट्या, तुटलेलं गाणं, काहीच गाळलं नाही.

"म्हंजे मी येकच करू? तू बी तेच सांगस?"

"मी कसाले सांगू? तूर बी चांगली व्हती, मूग बी चांगला व्हता. दोन पेराना ही काही चुकी नही. हात थकना, तरी 'थांबा' म्हनं नही, ती मन्ही चुकी. बैल ते येक सबदवर उभा ऱ्हातस वं! लोके काय म्हनतीन, म्हनीसन मी बोलनूच नही. मंग चार महिना लोके म्हनतच ऱ्हायनात."

रूपालीच्या हाताला काहीतरी हवं होतं म्हणून असेल, तिनं तार घेतली आणि माझ्या नळीतली माती कोरू लागली. कोरता कोरता म्हणाली, "माले झाडेच पाहिजेत, मोठी माय. आकडा झाडेस्ना मांगे चालोत."

तेवढ्यात हेमराज दूध घालून आला. रूपाली उठली. "आप्पा, मी डबल मेजर नही करस. वनस्पतिशास्त्र मुख्य लेस. संख्याशास्त्र मायनर."

हेमराज दाराच्या चौकटीला टेकला. मला वाटलं, आता पोरीची काही खैर नाही. आणि काय सांगू! त्यानं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर आपटली आणि मोठ्ठा श्वास सोडला.

"सुटनू माय मी! ताट हातमा धरीसनच डोया मिटी लेस तू रोज. माले वाटे, पोरले हौस शे, मी कसाले आडवा येऊ?"

"नि डेअरीवर काय सांगशात?" मीनाबाईनं डिवचलं.

"सांगसू, येक पीक, येक आंतरपीक. शेतकरीच ते, समजी लेतीन!"

तिघेही हसले. पोटभर हसले. तेवढ्यात माझ्या नळीतलं शेवटचं ढेकूळ निघालं. मीनाबाईनं डब्यातून मूठभर मूग आणला, मला उभा धरला आणि वाटीत सोडला. कुठे अडला नाही. खडखड खडखड करत सरळ खाली, रूपालीच्या ओंजळीत. किती वर्षांनी, मित्रांनो! गोवालला आता हाक मारून सांगावंसं वाटलं, की बाबा, तुझी तापलेली सळई मला आज कळली.

शनिवारी अर्ज गेला. मी पुन्हा खिळ्यावर आहे, पण नळी मोकळी आहे, आणि खालून दुपारचं गुणगुणणं ऐकू येतं.

तुमच्याही शेडात, माळ्यावर माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याला वर्षातून एकदा खाली घ्या. तार घालून माती काढा, मूठभर दाणे सोडून बघा. आणि तसंच एकदा स्वतःलाही विचारा, की पोटात कुठे गाठ तर राहिली नाही ना? असली, तर कुणाला तरी हाक मारा. पुढे चालणाऱ्यांना मागचं दिसत नसतं. पण बैल थांबतात, मित्रांनो. एका शब्दावर थांबतात.