इंद्रजितने न खाल्लेला डबा

मित्रांनो, मी तीन कप्प्यांचा एक जुना स्टीलचा डबा आहे. माझी कडी सैल झाली आहे, तळाला पोचा आला आहे, पण झाकणावर कोरलेली 'इंद्रजित – समीक्षा' ही नावं अजून वाचता येतात.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते साताऱ्यातलं भांड्यांचं दुकान. मेढ्याच्या समीक्षाचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या आईने मला तिथून घेतलं. रुखवतात मी लाडवांच्या शेजारी मिरवलो. "डबा बाकी झकास हाय," असं नवऱ्याकडच्या बायका म्हणाल्या तेव्हा मला फार बरं वाटलं.

पुढे मी सांगलीला आलो. समीक्षाचा नवरा इंद्रजित मार्केट यार्डातली हळदीची पोती टेम्पोने वाईला, साताऱ्याला पोचवायचा. समीक्षा सकाळी लवकर उठून मला भरायची. खाली भाकरी, मधे मेथी नाहीतर घेवड्याची उसळ, वर काकडी-गाजर. आणि यार्डात पोती चढेपर्यंत इंद्रजित मला फाटकाजवळच्या गाईपुढे पालथा करायचा! मग तो नाक्यावर गरम वडे खायचा, त्यावर गोड थंड बाटली. दुपारी तेलाचा तवंग आलेली मिसळ, संध्याकाळी फरसाण, आणि अधूनमधून तंबाखूचा बार. घरी मला रिकामा बघून समीक्षा खूश व्हायची.

समीक्षाला दोनदा दिवस गेले, आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला. दुसऱ्या वेळी ती माझ्यात भाकरी ठेवत होती. एकदम पोट धरून ती ओट्याखाली बसली. माझं झाकण फरशीवर गरगरत राहिलं.

तेव्हापासून त्या घरात भीती राहायला आली. समीक्षा पायरी उतरतानाही भिंत धरायची. इंद्रजितची आई राहीबाई मनाने वाईट नव्हती, पण भीतीने तिची जीभ कडू झाली होती. "पोरीच्या अंगातच खोट हाय," ती इंद्रजितला म्हणाली. "मेढ्याला न्हेऊन सोड तिला. मग बघू पुढचं." ते 'पुढचं' म्हणजे दुसरी सून, हे समीक्षाला कळलं. ती आतच होती. त्या दिवशी माझ्यातल्या भाजीत दोनदा मीठ पडलं.

समीक्षाच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या होत्या. म्हणून सांगलीच्या डॉक्टर उमा यांनी इंद्रजितचीही तपासणी करायला लावली. निकाल ऐकायला दोघं गेले तेव्हा मी इंद्रजितच्या मांडीवर पिशवीत होतो.

"पुरुषबीजाची संख्या ठीक आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण त्याच्या आतला जनुकांचा धागा बराच तुटका दिसतोय. बाळाची निम्मी घडण त्या धाग्यातून येते. तूट जास्त असली तर गर्भ राहूनही टिकत नाही, असं होऊ शकतं."

इंद्रजितच्या मांडीवर माझे कप्पे एकमेकांवर वाजू लागले.

"म्हंजी ती दोन्ही माझ्यामुळं गेली?"

"तसं खात्रीने कुणालाच सांगता येणार नाही. कारणं बरीच असतात. तंबाखू असते, उष्णता असते, खाणंही असू शकतं. तुम्ही दिवसभर काय खाता?"

समीक्षाच म्हणाली, "मी रोज डबा देते की. पालेभाजी, उसळ. सगळं खाऊन येत्यात."

"न्हाई," इंद्रजित खाली बघत म्हणाला. "गाईला घालतो. मी वडं खातो."

मला वाटलं, आता ही भडकणार. पण तिने मला त्याच्या मांडीवरून उचललं आणि आपल्या मांडीवर घट्ट धरून बसली.

"तंबाखू आजपासून बंद," डॉक्टर म्हणाल्या. "पालेभाज्या, कडधान्यं, फळं खा. त्याने बीज सुधारू शकतं असं काही अभ्यास सांगतात, पण हमी नाही. नवं बीज तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. तोवर पुढच्या बाळासाठी थांबा."

घरी आलो, तर राहीबाईने समीक्षाचे कपडे पिशवीत भरून ठेवलेले.

"आये, ती पिशवी आत ठेव," इंद्रजित म्हणाला. "खोट माझ्यात निघालीया."

"गप रं! बाप्या माणसात कसली खोट?"

"हाय, आये. हितनं पुढं कुणी काय बोलायचं असंल, तर मला बोला. तिला न्हाई."

राहीबाई मटकन खाली बसली. तिने हळूच विचारलं, "मग आता रं?"

"आता डबा खायचा."

आणि तो खाऊ लागला. टेम्पोत एकटा बसून, औषध घ्यावं तसा एकेक घास चावायचा. तंबाखूसाठी हात खिशाकडे जायचा आणि रिकामाच परत यायचा. पुढच्या तपासणीत तूट कमी दिसली. काही महिन्यांनी समीक्षाला पुन्हा दिवस गेले.

तिसरा महिना लागला आणि घरातली भीती पुन्हा वर आली. एका दुपारी कराडजवळ इंद्रजितने मला उघडलं आणि तिला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. उचलला नाही. त्याने पोती न पोचवताच गाडी मागे वळवली. मी उघडाच सीटवर आपटत होतो, उसळ सगळीकडे सांडत होती, आणि तो स्टिअरिंग धरून पुटपुटत होता, "न्हाई, न्हाई, न्हाई."

दारात राहीबाई उभी. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"झोपलीया ती. उठवू नगंस."

तो उंबऱ्यावर बसून ओक्साबोक्शी रडला.

मित्रांनो, मुलगी झाली. दवाखान्यात इंद्रजित तिला हातात घेईना. "माझ्या हातनं काय तरी हुईल," म्हणत तो मागे सरकत होता. तेव्हा राहीबाईने बाळ त्याच्या हातांवर ठेवलं. "धर. तुझीच हाय."

हे खाण्यामुळेच झालं का, असं त्याने डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "ते मलाही सांगता येणार नाही. पण सोडू नका." त्याने सोडलेलं नाही. आणि अजूनही रात्री पोर खोकली की तो दचकून उठतो.

तुमच्यातलेही काही जण उद्या बाप होतील. माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे, घरून आलेला डबा उघडा, आणि जे तुमच्यासाठी भरलंय ते तुम्हीच खा.