अडकलेली बावीस गाणी

स्फाक्स शहराच्या युवक केंद्रात दर शनिवारी सकाळी लिनक्सवाल्यांचा मेळा भरे. कुणीही लॅपटॉप घेऊन यावं, आणि हौशी मंडळींनी त्यात लिनक्स ही विंडोजसारखीच, पण फुकटची प्रणाली घालून द्यावी, असा तिथला रिवाज. दलेंदा मात्र आज दारातच घुटमळत होती. काखेत लॅपटॉप, हातात मकरूदचा, म्हणजे खजुराच्या गोड वड्यांचा डबा.

हौशींचा म्होरक्या साबेर तिच्याच शाळेत गणित शिकवायचा. वसंतात त्यानंच तिच्या विंडोजशेजारी लिनक्सचं बिऱ्हाड थाटून दिलं होतं. तेव्हापासून रोज विचारायचा, "कसं आहे आमचं पोर?" दलेंदा म्हणायची, "गुणी हो! विंडोजकडे तर मी ढुंकून बघत नाही आता." खरं म्हणजे तिनं त्या पोराचं तोंडही पाहिलं नव्हतं. गुरुवारी जागा कमी पडली, तेव्हा विंडोजमधूनच तिनं डिस्कवरचा त्याचा अख्खा भाग पुसून टाकला. पुन्हा बटण दाबलं, तर काळा पडदा आणि कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांची एक ओळ. बास.

आत अडकली होती म्बारका खालाची, तिच्या मावशीची, बावीस मेंदीगीतं. गळ्याच्या दुखण्यात खालाचा आवाज कायमचा गेला, त्याआधी महिनाभर चुलीपाशी बसून दलेंदानं ती तिच्या आवाजात लॅपटॉपवर भरून घेतली होती. उद्या भाचीची मेंदी. दुसरी प्रत काढायची राहूनच गेली होती.

"या, लल्ला दलेंदा! काय झालं?" साबेरनं अदबीनं विचारलं.

"काही नाही, सी साबेर," तीही तितक्याच अदबीनं म्हणाली. " आपलं आपणच बिघडलं."

"आपलं आपण?"

"हातसुद्धा लावला नाही मी!"

साबेरनं पडदा न्याहाळला. "लिनक्स सापडत नाही म्हणतोय. डिस्क आजारी असणार. सगळं पुसून नव्यानं घालतो, मकरूद संपायच्या आत तयार. विंडोजमध्ये तर तुमचं काही नाहीच." त्यानं पेनड्राइव्ह खोचला.

दलेंदानं झटकन लॅपटॉप स्वतःकडे ओढला. मग एकदम म्हणाली, "थांबा! मीच हाकललं त्याला. उघडलंच नव्हतं कधी. गाणी विंडोजमध्ये आहेत, खालाची."

शेजारच्या टेबलावरची नजीबा खुदकन हसली. "घालून घ्यायला येतात सगळे. काढल्यावर निस्तरायला आलेल्या तुम्हीच पहिल्या!"

साबेरचे कान लाल झाले. "मग गुणी गुणी कोण म्हणत होतं?"

"इतक्या मायेनं विचारायचात. कसं सांगणार?"

"अहो, मुख्याध्यापकांना मी तुमचं उदाहरण देत फिरलो!" असं म्हणाला आणि स्वतःच हसत सुटला. "डिस्क ठणठणीत आहे. लिनक्स हा धनी तुम्ही हाकललात, लॅपटॉप सुरू होताना दार उघडणारा त्याचा राखणदार तेवढा दारात राहिलाय, हुकमाची वाट बघत. त्याला बाजूला करू, विंडोजला पुढचा मान देऊ."

पेनड्राइव्हवरच्याच लिनक्सनं त्यानं लॅपटॉप जागा केला. डिस्कवरचं काही न पुसता दोन ओळी लिहिल्या, बंद केला, पेनड्राइव्ह काढून पुन्हा चालू केला.

विंडोज उघडलं. दलेंदाच्या बोटाखाली पहिलं गाणं सापडलं.

*जैतुनाच्या बागे ऊन उतरलं,*
*लेकीच्या हातात लाल थांबलं...*

मागे पातेल्याचा खणखणाट, खालाचा खोकला, आणि पुन्हा तो रेशमी, किंचित फाटका सूर. सभागृहातली बोटं कळफलकांवर थबकली. नजीबानं ओठांशी हात नेऊन जीभ नाचवत झगारीतची लांबलचक किलकारी घातली, लग्नघरात घालतात तशी.

साबेरनं पेनड्राइव्ह पुन्हा खोचला आणि त्यावरचं लिनक्स पुसायला घेतलं.

"अहो, हे काय करता?"

"जागा करतोय," तो म्हणाला. "बावीसच्या बावीस घ्या यावर. आत्ता, माझ्यासमोर."