पुकारा बंद आहे

टण्ण! स्टीलचं झाकण फरशीवर पडलं आणि स्वतःभोवती गरगरत राहिलं. मोठ्या मुश्किलीने जमवलेल्या शांततेचा त्याने एका झटक्यात निकाल लावला.

"सृष्टी!" ऋचा दबक्या आवाजात ओरडली. दबक्या आवाजात ओरडणं ही कला बाई आई झाल्यावरच शिकते.

"मी नाही पाडलं. ते पडलं," स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

वकिलाची मुलगी. पुढे बोलायची सोयच नव्हती.

टाकी साफ करायची म्हणून शाळेने सकाळीच सुट्टीचा मेसेज धाडला होता. तोवर तिचा नवरा शौनक कंपनीच्या बसमध्ये बसून हिंजवडीच्या वाटेला लागलाही होता. उरल्या मायलेकी. सृष्टीच्या पुढ्यात शेंगांची परडी सरकवून ऋचाने पंजाबी ड्रेसवर काळा कोट चढवला, गळ्याला पांढरे बँड लावले आणि लॅपटॉप कपाटाच्या बाजूला वळवला. नाहीतर दोरीवरचे फ्रॉक थेट न्यायासनासमोर वाळत पडले असते.

एरवी अशा दिवशी ती सरळ तारीख मागून मोकळी झाली असती. पण सरकारच्या नव्या योजनेत त्यांचं कोर्ट निवडलं गेलं होतं. फीत कापली गेली, पेढे वाटले गेले. कागद स्कॅन झाले, वकिलांना घरून हजर राहायची मुभा मिळाली, आणि दाराबाहेर मोठा पडदा लागला. बार रूममधली ज्येष्ठ मंडळी "आता न्यायदेवतेलाच पासवर्ड द्या," म्हणून चहात बिस्किटं बुडवत होती. ऋचा मात्र मनोमन त्या योजनेला रोज नमस्कार करायची. सृष्टी झाल्यावर तिची वकिली जवळजवळ सुटलीच होती. ती या लॅपटॉपमुळे पुन्हा हाताला लागली होती.

आज तिच्या अशील कुसुमताईंची उलटतपासणी होती. कुसुमताई परचुरे, निवृत्त शिक्षिका, नारायण पेठेतच दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या. घराच्या पुढच्या दाराला उंच दगडी पायऱ्या आणि मागच्या दाराला सपाट बोळ. गुडघे गेल्यापासून त्यांचं सगळं येणं-जाणं बोळातून. शेजारच्या श्रीधर मेहेंदळ्यांनी बोळाला फाटक लावलं, फाटकाला कुलूप घातलं, आणि मंडईत स्वतः भाजी निवडून घेणाऱ्या बाई खिडकीत बसून राहिल्या. दावा तेव्हापासून चालू होता. तारखा एवढ्या पडल्या होत्या की मागच्या वेळी न्यायाधीश बाईंनी बजावलं होतं, "साक्षीदाराला ही शेवटची संधी. नाही आल्या, तर साक्ष विचारात घेणार नाही." म्हणजे दावाच पांगळा.

"ताई, माझ्या घरी या. लॅपटॉपसमोर बसून सांगता येतं," ऋचाने सुचवलं होतं.

"शपथ घ्यायची ती तुझ्या डायनिंग टेबलावर? कोथिंबिरीच्या जुडीला साक्ष ठेवून? मी कोर्टात जाईन."

आणि गेल्याही होत्या. रिक्षावाल्याशी वाद घालून, वेळेच्या आधी. तसा फोन येऊन गेला होता.

त्यांचा नंबर लागला. लॅपटॉपमध्ये न्यायाधीश बाई दिसल्या. "साक्षीदार?"

"हजर आहेत, मॅडम. कोर्टातच आहेत."

"कुठे? पिंजरा रिकामा दिसतोय."

 ऋचाने टेबलाखाली ताईंना फोन लावला. बंद. अर्थात बंद! दाराशी 'मोबाइल बंद ठेवावा' अशी पाटी होती, आणि पाटीची आज्ञा मोडणं कुसुमताईंच्या सात पिढ्यांत कुणाला जमलं नव्हतं.

समोरचे वकील रंगनाथराव घसा साफ करत उठले. "मॅडम, आज तरी साक्ष बंद करावी. बाईंना रस दिसत नाही."

"आई, शेंगेत अळी आहे," बाजूने आवाज आला. ऋचाने माइकवर हात ठेवला, लेकीच्या डोक्यावर दुसरा ठेवला, आणि त्याच क्षणी तिच्या डोक्यात प्रकाश पडला. लिंक, स्कॅन, ओळखपत्र, सगळं तिने ताईंना समजावलं होतं. एकच गोष्ट सांगायची राहिली होती.

"मॅडम, त्या बाहेर बाकावर असतील. पुकाऱ्याची वाट बघत."

"पुकारा बंद आहे. पडद्यावर नंबर येतो."

"हो, पण त्यांना ते माहीतच नाही. नावाने हाक आल्याशिवाय त्या आत यायच्या नाहीत. एकदाच, मॅडम. जुन्या पद्धतीने."

रंगनाथराव हसले. "मग दवंडीही पिटू या."

न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून आधी त्यांच्याकडे, मग दाराकडे पाहिलं. "मच्छिंद्र, आवाज शाबूत आहे का?"

पडदा लागल्यापासून पट्टेवाला मच्छिंद्र दाराशी नुसता उभा असायचा. तो असा काही बाहेर धावला, जणू बढतीच मिळाली.

"कुसुम परचुरेऽऽ! विरुद्ध श्रीधर मेहेंदळेऽऽ!"

पहिल्या हाकेला काही नाही. दुसरीलाही नाही.  तिसरी हाक पुरती व्हायच्या आत काठीची टकटक ऐकू आली.

"आले, आले. बहिरी नाहीये मी. गुडघे आहेत." कुसुमताई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. "सकाळपासून बसलेय. कुणी हाक म्हणून मारली नाही."

"आजी, बाहेर पडद्यावर नंबर येतो," न्यायाधीश बाई म्हणाल्या.

"नंबर बँकेत येतो. मी इथे साक्षीला आलेय."

न्यायाधीश बाईंनी ओठ दाबून फाईल उघडली. म्हणजे, क्लिक केली.

रंगनाथरावांनी सरळ मुद्द्याला हात घातला. "बोळ मेहेंदळ्यांचा. त्यांनी मेहेरबानी म्हणून तुम्हाला वापरू दिला. बरोबर?"

"मेहेरबानी? श्रीधर चौथीत असताना माझ्याकडे शिकवणीला यायचा. त्याच बोळातून. तेव्हा ते घर त्याचं नव्हतं, त्याच्या वडिलांचंही नव्हतं. ते तिथे भाड्याने राहत होते. सगळी गल्ली त्या बोळातून जायची. कुणी कुणाला विचारत नसे."

रंगनाथराव कागद चाळू लागले. कागद नव्हतेच, म्हणून टॅब चाळू लागले.

"आणि लिहून घ्या," ताई टंकलेखकाकडे वळल्या, "पाढे त्याला अजूनही येत नसतील."

"तेवढं नको लिहू," न्यायाधीश बाई म्हणाल्या.

साक्ष पूर्ण झाली. पुढची तारीख पडली. ऋचाने लॅपटॉप मिटला आणि खुर्चीतच मागे रेलली. सृष्टी मांडीवर चढली आणि आईच्या गळ्यातले बँड ओढून बघू लागली. तिच्या केसांना कच्च्या शेंगांचा वास येत होता. ऋचाने तिथेच नाक खुपसलं.

"आजी जिंकली?"

"आजी छान बोलली."

"मग कुलूप काढलं?"

"अजून नाही, राणी. आता त्या आजोबांचे साक्षीदार येतील. मग दोन्ही वकील बोलतील. मग निकाल."

सृष्टीने विचार केला. शाळेत निकाल लागला की वरच्या वर्गात जातात, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

"आजीचा निकाल लागेल तेव्हा मी कितवीत असेन?"

आणि जरा थांबून, आईची हनुवटी आपल्याकडे वळवत, "सांग ना, आई."