बुडायला माणूस हवा

काकांनी स्वेटर काढून घडी घातली, चष्मा त्यात गुंडाळला आणि लाइफ जॅकेटचे बंद आवळले. धक्क्यावर बोचरा वारा सुटला होता. तेवढ्यात बोटहाउसमधून कोचबाई आल्या. त्यांच्या खांद्यावर एक माणूस होता.

माणूस कसला, नारिंगी रबराचा पुतळा! हात लोंबतायत, मान कलंडलेली, तोंडाचा आ वासलेला.

“काका, आज तुम्ही आपले बसा,” बाई म्हणाल्या. “पाणी किती गार आहे. क्लबनं हा घेतलाय आता. तुमचे हाल संपले.”

“माझे कुठे हाल होत होते?”

“अहो, वयाचा तरी विचार करा!”

काका हसले. दुसरं काय करणार? चष्मा पुन्हा नाकावर चढवून ते बाकावर जाऊन बसले. जॅकेट मात्र तसंच अंगात ठेवलं.

रोइंग क्लबात दर थंडीत बचावाचा सराव व्हायचा. होडी उलटली तर किनाऱ्याकडे पोहत सुटायचं नाही, तिलाच धरून राहायचं आणि शिट्टी वाजवायची. बाकीच्यांनी बोट काढायची, दोर टाकायचा, बुडणाऱ्याला वर घ्यायचं, ब्लँकेटात गुंडाळायचं आणि बोलतं ठेवायचं. शिकायला सगळे एका पायावर तयार, पण त्या पाण्यात बुडणार कोण? छापखान्यातून निवृत्त होऊन उतारवयात वल्हं धरलेले काका पहिल्याच वर्षी म्हणाले, “मी बुडतो, त्यात काय एवढं!” ते काम त्यांच्या गळ्यात पडलं ते पडलंच. पोरं त्यांना बुडेकाका म्हणायला लागली.

खरं सांगायचं तर काका वर्षभर या दिवसाकडे डोळे लावून बसायचे. किती हात एकदम धरायचे त्यांना! कोणी पाठ चोळायचं, कोणी तळवे, कोणी कानाशी ओरडायचं, ‘काका, ऐकू येतंय ना?’ एरवी दूधवाला सोडला तर आठवडाभर त्यांना हाक मारणारं कोणी नव्हतं. आता हे सुखही त्या रबरानं पळवलं. पुतळ्याचा हेवा वाटावा म्हणजे कमालच झाली, पण वाटला.

पुतळा धपकन पाण्यात पडला. शिट्टी झाली, बोट निघाली. दोर पहिल्यांदा आखूड पडला, दुसऱ्यांदा पुतळ्याच्या डोक्यावरून पलीकडे गेला. मग एकानं त्याची मान पकडून सरळ वर ओढलं.

“अरे, मान मोडाल त्याची!” काका बाकावरून ओरडले.

“त्याला कुठे दुखतंय, काका!”

धक्क्यावर आणून त्यांनी त्याला पोत्यासारखं आपटलं आणि हात झटकले.

“झालं?” कोचबाई कडाडल्या. “बोलायचं कोणी त्याच्याशी? काका असते तर असंच टाकलं असतंत?” त्यांनी या महिन्यात क्लबात आलेल्या कॉलेजच्या मुलीला पुढे केलं. “तू कर गं.”

मुलगी गुडघ्यांवर बसली. तिनं ब्लँकेट पुतळ्याच्या हनुवटीपर्यंत ओढलं, कडा नीट खोचल्या. चेहरा असा गंभीर की बाकीच्यांना हसू आवरेना.

“घाबरू नका, आम्ही आहोत,” ती म्हणाली. “घरी कोणाला कळवू?”

झालं, सगळ्यांच्या माना बाकाकडे वळल्या.

“काका, होऊन जाऊ दे!”

या प्रश्नाला काकांचं उत्तर ठरलेलं असायचं. ‘बायकोला कळवा, पण आधी चहा पाजा. एकदा ती सुरू झाली की घोट घशाखाली उतरायचा नाही!’ दरवर्षी हशा पिकायचा. मागच्या वर्षीही पिकला होता. तेव्हा ती जाऊन सहा महिने झाले होते. ती कधी क्लबात आली नव्हती, त्यामुळे इथे कोणाला पत्ताच नव्हता. काकांनीही सांगितलं नाही. निदान इथे तरी ती घरी वाट बघत, करवादत बसलेली असायची.

काकांनी तोंड उघडलं. पोरं आधीच हसायला लागली होती.

“कोणाला नका कळवू,” काका म्हणाले. “घरी कोणी नाही.”

दोघातिघांना वाटलं, यंदा नवा विनोद आहे. ते थोडा वेळ हसत राहिले. मग त्यांनी काकांचा चेहरा पाहिला. कोचबाई दोर गुंडाळता गुंडाळता थांबल्या.

मुलगी नवी होती. तिला आधीचं काही माहीत नव्हतं, फक्त शिकवलेलं पाठ होतं. बुडालेल्याला एकटं सोडायचं नाही.

“मग मी थांबते,” ती म्हणाली.

तिनं पुतळ्याच्या अंगावरचं ब्लँकेट काढलं, बाकाजवळ येऊन काकांच्या खांद्यांवर टाकलं आणि शेजारी बसली. ते एका बाजूनं ओलं झालं होतं. पुढे काय विचारायचं असतं, ते तिनं जरा आठवून पाहिलं.

“आज वार कोणता, काका?”

“रविवार,” काका म्हणाले. ब्लँकेटची कड त्यांनी मुठीत घट्ट धरली. “रविवारी घर फार खायला उठतं गं.”