बंद लिफाफ्यातले देवदूत

एक पाठ बरी करायला एक दुभती गाय, असा प्रेषित जोएलचा भाव. धावपटूंच्या इटेन गावात घरटी एकजण पहाटे डोंगर पळत चढतो नि दुखरी कंबर घेऊन उतरतो. म्हणजे गोठा भरायला प्रेषिताला फार थांबावं लागणार नव्हतं.

तापकिगेनने गाय आगाऊच दिली होती. तिच्या लेकाची, किबिवोटची, महिन्याभरात संघनिवडीची शर्यत होती. त्याच्या दुखऱ्या पाठीच्या स्कॅनचा लिफाफा तीन आठवडे वेदीवर होता. डॉक्टरच्या गोळ्या प्रेषिताने पहिल्याच दिवशी फेकायला लावल्या. आज निकाल.

पत्र्याच्या प्रार्थनाघरात मुंगीला वाट नव्हती. प्रेषिताने एक फिल्म उजेडात धरली. कंबरेखालच्या सांध्याजवळ पांढरा डाग.

"हा सैतानाचा निखारा! आणि हा बघा, विझला!" दुसऱ्या फिल्मवर त्या जागी पांढरं काही नव्हतं. "देवदूतांनी बंद लिफाफ्यातच नवा फोटो काढला!"

लोक नाचू लागले. तापकिगेनही उठली. तिची नणंद जेरुतो एल्डोरेटच्या इस्पितळात स्कॅनच्या मशीनवर कामाला. तिने तापकिगेनचा दंडच धरला.

"वहिनी, नाचण्याआधी लेकाचं मूत्राशय बघ."

"देवाच्या दारात काय बोलतेस गं!"

जेरुतोने पुढे जाऊन दोन्ही फिल्म शेजारी धरल्या. "ही लघवीची पिशवी. इथे पांढरी, तिथे काळी. आकार मात्र तंतोतंत. तीन आठवडे पोरगा मुतलाच नाही का?"

हशा पिकला.

"मशीन एकाच जागेचे दोन तऱ्हांनी फोटो काढतं. एकात पाणी नि सूज पांढरी, दुसऱ्यात काळपट. डाग तिथेच बसलाय. दोन्ही फिल्म मीच लिफाफ्यात घातल्या. कोपऱ्यातली वेळ वाचा, सहा मिनिटांचा फरक."

"श्रद्धावानाला दर्शन, संशयखोराला घड्याळ!" प्रेषित गरजला.

"मग घड्याळच दाखवा," मागून कोणीतरी म्हणालं.

तापकिगेन लेकाकडे वळली. "बुटाची नाडी बांध."

किबिवोट वाकला. हात गुडघ्यापाशी अडले.

"महिन्यापूर्वी बांधत होतास ना रे?"

"तेव्हा गोळ्या होत्या, आई."

जेरुतो आवाज उतरवून लोकांकडे वळली. "नुसता डाग म्हणजे आजार नव्हे. धडधाकट पळणाऱ्यांच्या सांध्यातही तो दिसतो. म्हणून डॉक्टर फोटो बघतो नि माणसालाही विचारतो, सकाळी पाठ किती वेळ आखडते? तुम्हीही विचारत जा. आणि डॉक्टरला न विचारता औषध सोडू नका."

गाय परत आली, दूध आटलेली. जेरुतोला 'देवद्रोही' ही पदवी मिळाली. प्रेषिताने शेजारच्या गावात नवा गोठा थाटला. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पण निवडीची शर्यत किबिवोटविना पार पडली. देवदूतांच्या फोटोची किंमत अखेर त्याच्याच पाठीने मोजली.