घोडी पाणी का पीत नव्हती

पागेत वीज यावी म्हणून ताईनं नवऱ्याचं डोकं खाऊन खाऊन भुसा केला होता. शेवटी वीज आली, आणि चार दिवसांत तोच नवरा अंगणात उभा राहून गरजत होता, "उद्या सकाळी वीजवाल्यांना बोलावतो आणि ही लाइन काढून टाकतो. नाही काढली तर नाव बदलेन!"

ती त्याची बायको, पण आपण तिला ताईच म्हणू. तिचा धाकटा भाऊ वायरमन. तो तिला ताई म्हणे आणि तिच्या नवऱ्याला दाजी, आणि या गोष्टीत निम्मं बोलणं त्याचंच आहे.

विहीर उताराखाली आणि पागा माथ्यावर. घोडी सात, आणि घोडं काही वाटीभर पाण्यावर भागवत नाही. दाजींचा पाय एका तरण्या घोड्याच्या लाथेनं कायमचा अधू झालेला, तेव्हापासून पाणी वर चढवलं ते ताईनं. आता तिचा उजवा खांदा असा धरला होता की स्वतःचे केस विंचरताना हात कानाच्या वर जाईना. डॉक्टरांनी बजावलं, बादली उचलायची नाही. म्हणजे एक तर विहिरीवर मोटर बसणार, नाहीतर घोडी विकली जाणार. त्या घोड्यांपैकी तिघांना तिनं बाटलीनं दूध पाजलं होतं. विकायचा विचार आला की तिला जेवण जात नसे.

दाजींचा मात्र विजेवर काडीचा विश्वास नव्हता. आग दिसते, लाथ येताना दिसते, वीज दिसत नाही. आणि न दिसणारी गोष्ट वाळल्या गवतानं भरलेल्या पागेत आणायची नाही, असं त्यांचं म्हणणं. ते अगदीच वेडेपणाचं नव्हतं. पण दाजी काहीही बोलले की ते हुकूम सोडल्यासारखं वाटे, त्यामुळे खरं बोलत असले तरी ऐकणाऱ्याचं पित्त खवळायचं.

मेव्हण्यानं, म्हणजे ताईच्या भावानं, खांबापासून पागेपर्यंत वायर ओढली, विहिरीवर मोटर बसवली, आणि लोखंडी पाइप थेट डोणीत आणून सोडला. डोण म्हणजे घोड्यांची पाणी प्यायची लांबलचक लोखंडी टाकी, अंगणाच्या मधोमध. बटण दाबलं आणि पाणी धो धो आलं. ताईला रडूच फुटलं. "बघा दाजी, घोडामैदान जवळच होतं!" मेव्हणा म्हणाला. दाजींनी पाठ फिरवली.

आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. तांबडी घोडी, सगळ्यांत वडीलधारी, डोणीशी आली. तोंड पाण्याला लावलं आणि झटक्यात मान वर केली. फुरफुरली, मागे सरली. तिच्यामागून बाकीच्यांनीही तेच केलं. नवं आहे, सवय होईल, असं सगळे म्हणाले. दुसऱ्या दिवशी घोडी डोणीच्या जवळपासही फिरकेनात.

"विजेनं उपसलेलं पाणी आहे, ते मुकं जनावर ओळखतं," दाजी म्हणाले आणि बादली घेऊन लंगडत विहिरीकडे निघाले. अर्ध्या उतारावर घसरले. मग काय, ताई डाव्या हातानं अर्धी अर्धी बादली आणू लागली. दाजी इतके रुसले, की रोज संध्याकाळी अनवाणी होऊन डोणीच्या पाण्यानं पाय धुवायची वर्षानुवर्षांची सवय त्यांनी सोडली आणि मोरीत पाय धुवायला लागले.

लाइन काढायची धमकी दिली त्या दुपारी ताईनं भावाला बोलावून घेतलं. त्यानं मोटर चालू ठेवून टेस्टर पाइपला लावला, डोणीला लावला. टेस्टर काही पेटला नाही. त्यानं कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. "काय झालंय याला? अमृत आहे! ताई, तुझी घोडीसुद्धा दाजींवर गेलीत."

ताई हसली नाही. तिनं डोणीतूनच बादली भरली, डाव्या हातानं ओढत लांब नेली आणि तांबडीपुढे ठेवली. तांबडीनं एका दमात बादली चाटून पुसून रिकामी केली.

ताई तिथेच थबकली. पाण्यात दोष नव्हता. मग डोणीत होता. पण भावानं हात घातला, त्याला काही झालं नाही. तिनं त्याच्या पायांकडे पाहिलं, मग स्वतःच्या. दोघांच्याही पायांत चिखलाचे रबरी बूट. घोड्यांच्या पायांत मात्र लोखंडी नाल, आणि डोणीभोवती सगळी ओल.

"अहो," तिनं हाक मारली, "इकडे या. इथे पाय धुवा."

"मी? त्या पाण्यात?"

"रोज धुवायचात तसेच. एकदा धुवा, मग लाइन ठेवा नाहीतर तोडा. मी तोंडातून शब्द काढणार नाही."

ताई शब्द काढणार नाही, हे आमिष लहान नव्हतं. दाजींनी बूट काढले, ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहिले आणि डोणीत ओंजळ घातली.

"आई गं!" दाजी लंगड्या पायावर दोन हात मागे उडाले. "मुंग्या! खांद्यापर्यंत मुंग्या आल्या!"

मेव्हण्याला आधी हसू फुटलं. मग त्याचा चेहरा पडला आणि तो धावत जाऊन मेन स्विच बंद करून आला. "माझं चुकलं," तो खाली बघत म्हणाला. "मोटरीतून थोडी वीज झिरपते, ती जमिनीत मुरवायची असते. त्यासाठी अर्थिंगचा खड्डा लागतो. इथे खडक लागला, म्हणून मी अर्थिंगची तार तात्पुरती पाइपलाच बांधली. म्हटलं, पाइप जमिनीतूनच तर गेलाय. पण कोरड्या खडकात ती मुरली नाही, सगळी डोणीत आली. टेस्टर पेटण्याएवढी नव्हती, तरी..."

ताईच्या ध्यानात आलं, दाजींच्या हाती आयतं कोलीत मिळालं होतं. आपणच दिलं. आता लाइन जाणार, मग घोडी जाणार.

दाजींनी हाताचा पंजा चोळत तांबडीकडे पाहिलं.

"म्हणजे वीज दिसत नाही, पण हिला कळते," ते म्हणाले. "तुमच्या टेस्टरला कळली नाही मेव्हणे, हिला कळली."

"हो दाजी."

"मग राखण करायला माझ्याकडे सात जण आहेत. ही पाणी पिईल त्या दिवशी वीज चांगली. नाही प्यायली, तर तुमची धडगत नाही. खड्ड्याला काय काय लागतं?"

"मऊ, ओली जमीन. मीठ आणि कोळसा."

दाजी चक्क हसले. घोड्यांना चाटायला मिठाचे खडे पोत्यांनी पडलेले, आणि नाल तापवायच्या भट्टीशेजारी कोळशाचा ढीग. "एवढंच ना? मग त्या खडकाशी डोकं कशाला आपटत बसलात? लिदीच्या उकिरड्यामागे कुदळ लोण्यात शिरल्यासारखी शिरते. आधी विचारायचं होतं."

"तुम्ही बोलत होतात का माझ्याशी?"

 दाजींनी स्वतःच कुदळ उचलली. लंगडा माणूस आणि वायरमन असे दोघे आलटून पालटून खणत राहिले, एकमेकांची अक्कल काढत. अर्थिंगचा पत्रा पुरला, मीठ-कोळशाचे थर घातले, तार पाइपवरून सोडवून तिथे आणली. ऊन कलेपर्यंत खड्डा बुजला होता. स्विच लावल्यावर दाजींनी कुणाला जवळ येऊ दिलं नाही. स्वतः अनवाणी झाले, डोणीत ओंजळ घातली, थांबले. मग शांतपणे पाय धुतले.

तांबडीला यायला वेळ लागला. मान ताणून हुंगलं, ओठ पाण्याला टेकवले, उचलले, परत टेकवले. मग तिच्या गळ्यातून घटघट आवाज येऊ लागला आणि कान प्रत्येक घोटाबरोबर मागेपुढे हलू लागले. बाकीची ढुशा मारत आली. ताईनं तो आवाज ऐकला, आणि तिला वाटलं आपल्याच खांद्यावरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतलं.

तिनं सवयीनं रिकामी बादली उचलली. दाजींनी ती तिच्या हातातून काढून घेतली, पागेच्या भिंतीशी गेले, टाचा उंचावल्या आणि सगळ्यांत वरच्या खुंटीवर अडकवली. ताईचा हात पोहोचणार नाही, इतक्या उंच.