पाणी पिणारा मोती

रविवारी मासळीच्या लिलावाच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मधल्या वजनकाट्यावर भोपळ्याएवढा पांढरा मोती ठेवला होता, शेजारी टबाएवढा उघडा शिंपला. मोतीबाबा म्हणवणाऱ्या बुवांनी तांब्याभर पाणी मोत्यावर हळूहळू ओतलं. मोत्यातून बारीक बुडबुडे आले, आणि पाणी चक्क आत गेलं!

"प्यायला! प्यायला!" गर्दी ओरडली.

"शंभर वर्षं राक्षसी शिंपल्याच्या पोटात तप केलंय त्यानं," बाबा म्हणाले. "तहान लागणारच. काटा बघा! पाव किलोनं वाढला. मोती वाढतो, तुमचा आजार घटतो!"

"पण चमकत का नाही?" कुणीतरी विचारलं.

"चमकला असता तर तुमचे डोळे राहिले असते का?"

विचारणाऱ्यानं घाईघाईनं डोळे मिटले.

मी दातांच्या कवळ्या बनवतो. इतका मोठा मोती बघून मीही आधी चकित झालो, कारण राक्षसी शिंपल्यात असे बिनचमकीचे प्रचंड मोती खरोखर सापडतात. पण ते चिनीमातीसारखे घट्ट असतात. पाणी पिणारा मोती मी ऐकला नव्हता. पाणी पिणारी दुसरी एक वस्तू मात्र रोज माझ्या हाताखाली असते.

घरी सासूबाईंना सांगायला गेलो. मोत्यावरून ओघळलेल्या पाण्याची बाटली त्यांच्या उशाशी होती. बाबांच्या सांगण्यावरून इन्सुलिन गेल्या रविवारपासून बंद.

"आई, इंजेक्शन घ्या."

"जावईबापू, तुम्ही दातांचं बघा. मोत्यातलं तुम्हाला काय कळतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मोरीत कोसळल्या. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी साखर मोजली आणि माझ्या बायकोकडे बघून एवढंच म्हणाल्या, "अजून तासभर उशीर झाला असता तर..." मला आधी रडू आलं, मग संताप.

चार दिवसांनी सासूबाई घरी आल्या आणि पहिलं काय बोलल्या? "माझी बाटली कुठाय?"

मी वाद घातला नाही. पुढच्या रविवारी त्यांना रिक्षात घालून शेडमध्ये नेलं. पिशवीतून त्यांच्याच जबड्याचा साचा काढला. कवळीसाठी मी तो प्लास्टरचा ओतला होता. साचा मोत्याशेजारी ठेवला आणि पाणी ओतलं. बुडबुडे आले, पाणी गडप. काट्यावर वजनही वाढलं.

"बघा," मी ओरडलो, "हे साधं प्लास्टर आहे! कोरडं असलं की पाणी शोषतं. बाबा आठवडाभर मोती चुलीशी वाळवत असणार, मग तुमच्यासमोर भिजवतात!"

गर्दी साच्याभोवती दाटली. मग पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी साच्याला हात जोडले. "जबडासुद्धा प्यायला!"

पाहता पाहता जबड्यापुढे दुसरी रांग लागली.

"अहो, तो माझा जबडा आहे!" सासूबाई किंचाळल्या.

"धन्य आहात, आजी!" म्हणत एकजण त्यांच्या पाया पडला.

त्या क्षणी त्यांचा चेहरा पालटला. मोतीबाबा मागच्या दाराकडे सरकत होते. सासूबाईंनी मासे कापायची सुरी उचलली आणि मोत्यावर घासली. पांढरी भुकटी झडली, खाली काथ्या दिसला. आणखी खरवडलं, तर आतून फुटबॉल डोकावला.

"ह्याच्या पाण्यानं मी मरत होते," त्या रांगेला म्हणाल्या. "आणि तुम्ही आता माझ्या दातांना नमस्कार करताय? अरे, आपल्याच डोळ्यांनी बघा की!"

कोळणींनी बाबांना दारातच गाठलं. मग पोलीस आले.

समुद्रात आश्चर्यं आहेत, भरपूर आहेत. ती बघायला जा, त्यांची माहिती घ्या. पण कुणी आश्चर्य दाखवून औषध सोडायला सांगितलं, तर हात जोडण्याआधी वस्तू खरवडून बघा. आजाऱ्याला डॉक्टरकडे न्या. सासूबाई आता रोज सकाळी स्वतःच इंजेक्शन घेतात आणि सुई टोचताना मला सुनावतात, "हे दुखतं हो, जावईबापू. पण लागू पडतं."